निकालाआधीचे सहा आठवडे

२०२४ साली लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आलं. अमेरिकेतली बरीच नामांकित कॉलेजं अर्ली डिसिजनचे अर्ज त्याच रात्री बंद करतात. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एका मराठी घरात त्या संध्याकाळी खाली चौरंग मांडला जात होता आणि वरच्या खोलीत सतरा वर्षांची मुलगी आपल्या निबंधाचा शेवटचा परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचत होती. आरतीपुरती ती खाली आली आणि परत वर गेली. रात्री साडेदहाला अर्ज गेला. स्क्रीनवर रंगीत कागदांचा वर्षाव झाला, आईनं हातावर पेढा ठेवला, वडील म्हणाले, "झालं! आता डिसेंबरच्या मध्यापर्यंत डोक्याला ताप नाही."

पुढच्या उन्हाळ्यात ती आई मला भेटली तेव्हा तो दिवस तिला तासानिशी आठवत होता. "खरं काम त्या रात्री सुरू व्हायला हवं होतं," ती म्हणाली. "आम्ही ते त्या रात्री संपवलं. निकाल 'नाही' आला तेव्हा १ जानेवारीला जेमतेम दोन आठवडे उरले होते आणि पोरीकडे दुसऱ्या कॉलेजसाठी एकही तयार निबंध नव्हता."

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'वाट पाहणं' हा विषय दिला, तेव्हा नोव्हेंबर ते डिसेंबरचे हे सहा आठवडे जवळून बघावेत असं मला वाटलं. न्यू जर्सीतल्या घरांत, एका निवृत्त शाळा-कौन्सेलरबाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आणि नंतर पुण्यात बाणेरला बसून मी एकच गोष्ट विचारत राहिले. एका कॉलेजच्या उत्तराची वाट बघत असताना बाकीच्या कॉलेजांचे अर्ज कधी लिहायचे, आणि कधी पाठवायचे? वरवर हा तारखांचा हिशेब आहे. पण मुलाचं मन, घरातला पैसा आणि आईबापांची स्वप्नं हे सगळं त्या हिशेबात येतं.

एक नाव, तीन सह्या

अमेरिकेत बारावीनंतरच्या प्रवेशासाठी आपल्यासारखी एक परीक्षा आणि एक गुणवत्ता यादी नसते. शाळेचे चार वर्षांचे गुण, शिक्षकांची शिफारसपत्रं, शाळेबाहेरचे उद्योग आणि निबंध असं सगळं एकत्र वाचून प्रत्येक कॉलेज आपापला निर्णय घेतं. अर्जाची मुख्य खिडकी म्हणजे 'कॉमन ॲप'. १९७५ साली पंधरा कॉलेजांनी मिळून ती सुरू केली, आज हजाराहून जास्त कॉलेजं तिच्यावर आहेत. दर वर्षी १ ऑगस्टला नवा अर्ज उघडतो. एक विद्यार्थी त्यातून जास्तीत जास्त वीस कॉलेजांना अर्ज करू शकतो. साडेसहाशे शब्दांचा मुख्य निबंध सगळीकडे तोच जातो; त्याशिवाय बहुतेक निवडक कॉलेजं स्वतःचे वेगळे प्रश्न विचारतात. मुलांच्या बोलण्यात त्यांना 'सप्लिमेंट्स' म्हणतात.

साधारण फेरीचे अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला बंद होतात आणि निकाल मार्चअखेर लागतात. त्याआधीची खास वाट म्हणजे अर्ली डिसिजन. अर्ज १ किंवा १५ नोव्हेंबरपर्यंत करायचा, उत्तर डिसेंबरच्या मध्यावर मिळतं. पण हे एकाच कॉलेजबाबत करता येतं, आणि ते बांधून घेणारं असतं. प्रवेश मिळाला तर तिथंच जायचं आणि बाकीचे सगळे अर्ज ताबडतोब मागे घ्यायचे, असा करार असतो. त्यावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा कौन्सेलर अशा तिघांच्या सह्या होतात. मिळालेली आर्थिक मदत घराला खरोखर पुरत नसेल तर करारातून बाहेर पडता येतं. बाकी शब्द मोडणं सोपं नसतं. कॉलेज कोर्टात जात नाही, पण कौन्सेलरचीही सही असल्यामुळे शाळेची पत त्यात गुंतते आणि शाळा दुसरीकडे गुणपत्रकं पाठवायचं थांबवू शकते.

याच मोसमात 'अर्ली ॲक्शन' नावाची दुसरी वाट चालू असते. तिथं अर्ज लवकर जातो, पण बंधन नसतं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांची तिसरी तऱ्हा आहे. तिथं बंधन नाही, पण लवकरच्या फेरीत इतर खासगी कॉलेजांकडे जायचं नाही. या तिन्ही गोष्टींची नावं सारखी असल्यामुळे घराघरांत गोंधळ होतो आणि त्यातूनच पुढचं वेळापत्रक चुकतं.

घाई कोणाची?

लवकर बांधून घेण्यात कॉलेजचा फायदा उघड आहे. प्रवेश दिलेल्या मुलांपैकी प्रत्यक्षात किती येतील, हा प्रत्येक कॉलेजच्या मनावरचा मोठा बोजा असतो. अर्ली डिसिजनमधली जवळजवळ सगळी मुलं येतातच. त्यामुळे वर्ग किती भरला, वसतिगृहात किती खाटा लागतील, फीमधून किती जमा होईल, हे डिसेंबरातच कळतं. पेन्सिल्व्हेनियासारख्या विद्यापीठात पहिल्या वर्षाचा सुमारे निम्मा वर्ग याच वाटेनं भरतो. निम्मा वर्ग आधी भरला की मार्चमधल्या हजारो मुलांसाठी उरलेल्या जागा आपोआप आक्रसतात, आणि हे कळल्यावर पुढच्या वर्षी आणखी मुलं नोव्हेंबरकडे धावतात.

लवकर अर्ज केल्यानं खरंच शक्यता वाढते का? क्रिस्टोफर ॲव्हरी, अँड्र्यू फेअरबँक्स आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी 'द अर्ली ॲडमिशन्स गेम' या २००३ सालच्या पुस्तकात हजारो अर्जांचा अभ्यास मांडला. लवकरच्या अर्जाचा फायदा सॅट या प्रवेशपरीक्षेच्या सुमारे शंभर गुणांइतका असल्याचं त्यांना दिसलं. हे गुण मुलाच्या हुशारीतून येत नाहीत. ही वाट वेळेवर माहीत असणाऱ्याला आणि किंमत न बघता 'हो' म्हणू शकणाऱ्याला ते मिळतात.

ही विषमता कॉलेजांनाही दिसत होती. येलचे तेव्हाचे अध्यक्ष रिचर्ड लेविन यांनी २००१ मध्ये या पद्धतीवर उघड टीका केली आणि पुढच्याच वर्षी येल व स्टॅनफर्डनं बंधन काढून टाकत असल्याचं जाहीर केलं. २००६ मध्ये हार्वर्डनं आणि पाठोपाठ प्रिन्स्टननं लवकरची फेरी पूर्ण बंद करायचं ठरवलं. या फेरीत आधीच सुस्थितीत असलेल्या मुलांना आणखी झुकतं माप मिळतं, असं कारण त्यांनी दिलं. पण बहुतेक इतर कॉलेजं मागे आली नाहीत, आणि २०११ मध्ये दोघांनीही बंधन नसलेली लवकरची फेरी पुन्हा सुरू केली. एकट्यानं थांबणाऱ्याला इथं तोटाच होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये या पद्धतीविरुद्ध फेडरल कोर्टात दावा दाखल झाला. त्यात ३२ कॉलेजांबरोबर कॉमन ॲपही प्रतिवादी आहे, आणि बांधून घेण्याच्या या रीतीमुळे कॉलेजांमधली स्पर्धा मरते व शिक्षण महाग होतं, असा आरोप आहे.

व्यवस्था बदलेल तेव्हा बदलेल. यंदा बारावीत असलेल्या मुलाला तिच्यातूनच जायचं आहे. म्हणून आता डिसेंबरकडे बघू.

डिसेंबरातले ते पंधरा दिवस

कागदावर हिशेब सोपा दिसतो. निकाल १२ ते १८ डिसेंबरच्या आसपास, साधारण फेरी १ ते ५ जानेवारीला बंद. मधे दोन-अडीच आठवडे, आणि त्यातही सुट्टी. मग आधीपासून कशाला राबायचं?

निवृत्त कौन्सेलरबाईंनी मला हेच दिवस एकेक करून उलगडून दाखवले. पहिले तीन-चार दिवस मूल काहीच लिहीत नाही. शाळेतल्या मित्रांपैकी कोणाला मिळालं, कोणाला नाही, याच्या बातम्या फोनवर येत राहतात. त्याच आठवड्यात शाळेत सहामाहीच्या चाचण्या आणि प्रकल्प असतात. नाताळच्या आधी दोन दिवस शाळा बंद होते, ती थेट नव्या वर्षात उघडते. कौन्सेलर भेटत नाहीत, शिक्षक ईमेलला उत्तर देत नाहीत. गुणपत्रकं शाळेनंच पाठवायची असल्यामुळे, जानेवारीत अर्ज करायच्या कॉलेजांची यादी बहुतेक शाळा डिसेंबरच्या सुरुवातीलाच मागून घेतात. म्हणजे निकाल लागायच्या आधी दुसरी यादी शाळेच्या हातात असावी लागते. ज्या घरांना हे माहीत नसतं, त्यांची नाताळच्या आदल्या दिवशी धावपळ होते.

"एका कौन्सेलरकडे अडीचशे मुलं असावीत अशी आमच्या व्यवसायातल्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे," बाई म्हणाल्या. "देशाची सरासरी साडेतीनशेच्या वर आहे. माझ्या दाराशी डिसेंबरात येणारं प्रत्येक मूल रडवेलं असायचं आणि प्रत्येकाला तातडी असायची. जे नोव्हेंबरात येऊन गेले, त्यांचीच पत्रं मला मनासारखी लिहिता आली."

आणि निबंधांचं ओझं वेगळंच. दहा कॉलेजं धरली तर दीडशे ते चारशे शब्दांची वीसेक उत्तरं सहज होतात. 'आमचंच कॉलेज का?' हा प्रश्न जवळपास सगळीकडे असतो. त्याचं उत्तर देण्यासाठी तिथले विभाग, प्राध्यापक, प्रयोगशाळा यांची माहिती काढावी लागते. नुकताच नकार मिळालेल्या मुलाला दुसऱ्या कॉलेजबद्दल उत्साहानं लिहायला सांगणं फार कठीण असतं. बाईंनी वर्षानुवर्षं असे निबंध वाचले आहेत. "दमलेलं वाक्य लगेच ओळखू येतं," त्या म्हणाल्या. "मुलगा तोच असतो, पण नोव्हेंबरात त्यानं लिहिलेल्या निबंधात कुतूहल असतं आणि २८ डिसेंबरला लिहिलेल्यात फक्त घाई असते."

लिहून ठेवायचं काय, पाठवायचं काय

शेतकरी सगळं बियाणं पहिल्याच पावसाला मातीत टाकत नाही, दुबार पेरणीपुरतं घरात राखतो. पहिल्या पावसावर अविश्वास म्हणून नव्हे, पीक घ्यायचं आहे म्हणून. या सहा आठवड्यांचं शहाणपण मला तसंच वाटतं. लिहिणं आणि पाठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. लिहायचं सगळं निकालाआधी. पाठवायचं मात्र तारखा बघून, दोन गटांत.

पहिला गट निकालाची वाट न बघता जातोच. बिनबंधनाच्या अर्ली ॲक्शनची सार्वजनिक विद्यापीठं त्यात येतात. रटगर्स, पर्ड्यू, इलिनॉय, मेरीलँड अशा ठिकाणी १ नोव्हेंबर हीच लवकरची तारीख असते. मेरीलँड तर बहुतेक प्रवेश याच फेरीतून देतं. तिथं थांबलात तर शक्यताच हातची जाते. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज पूर्णपणे वेगळा असतो. तो कॉमन ॲपवर नाही, नोव्हेंबरअखेर बंद होतो आणि त्यात अर्ली डिसिजन नाहीच. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो धरून नऊ कॅम्पस आहेत, प्रत्येकी ८० डॉलर फी, आठपैकी चार प्रश्नांची साडेतीनशे शब्दांपर्यंतची उत्तरं. शिफारसपत्रं सहसा लागत नाहीत, सॅटचे गुण बघितले जात नाहीत. बे एरियातल्या घरांत हे सगळ्यांना पाठ असतं. पूर्वेकडच्या घरांत मात्र 'आधी डिसेंबरचं कळू दे' असं म्हणता म्हणता ती तारीख निघून गेलेली मी ऐकली. पिट्सबर्गसारखी काही विद्यापीठं अर्ज येतील तसे निर्णय देत जातात. तिथं सप्टेंबर-ऑक्टोबरात अर्ज गेला तर अर्ली डिसिजनच्या निकालाआधीच एखादा होकार हातात असू शकतो.

एक अट इथं काळजीनं वाचावी लागते. काही खासगी कॉलेजं आपल्या अर्ली डिसिजनच्या मुलांना दुसऱ्या खासगी कॉलेजात अर्ली ॲक्शनही करू देत नाहीत. सार्वजनिक विद्यापीठांना बहुतेक वेळा मुभा असते. त्या त्या कॉलेजचं पान उघडून नियम बघणं हाच त्यावर उपाय. शेजारच्या मुलानं मागच्या वर्षी काय केलं, यावर विसंबू नये.

दुसरा गट म्हणजे जानेवारीत बंद होणारी कॉलेजं. हे अर्ज पूर्ण लिहून, तपासून, पाठवायच्या बटणापर्यंत आणून ठेवायचे आणि तिथं थांबायचं. याचं एक कारण पैसा. प्रत्येक अर्जाची फी साधारण ७५ ते ९० डॉलर असते आणि ती परत मिळत नाही. आठ अर्ज आधीच पाठवले आणि अर्ली डिसिजनमध्ये होकार आला, तर सहा-सातशे डॉलर वाया जातात. ज्यांचं उत्पन्न कमी आहे त्यांना फीमाफी मिळते, त्यांनी मागायला संकोचू नये. दुसरं कारण सौजन्याचं. होकार आल्यावर मागे घ्यावे लागणारे अर्ज कोणीतरी वाचत असतो, आणि त्या वाचणाऱ्याचा वेळ दुसऱ्या मुलाला मिळायला हवा.

पण थांबणं म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत थांबणं नव्हे. निकालानंतर दोन दिवस मुलाला मोकळं सोडावं, तिसऱ्या दिवशी एकदा वाचून अर्ज एकेक करून पाठवावेत. शेवटच्या रात्री पोर्टल संथ होतं, कार्ड चालत नाही, एखादी फाइल चुकीची चढते.

आणखी एक फाटा असतो, 'अर्ली डिसिजन टू'. न्यूयॉर्क विद्यापीठ, व्हँडरबिल्ट, टफ्ट्स, एमरी, शिकागो अशी काही कॉलेजं जानेवारीच्या सुरुवातीला बांधून घेणारी दुसरी फेरी ठेवतात आणि फेब्रुवारीच्या मध्यावर उत्तर देतात. पहिल्या नकारानंतर दोन-अडीच आठवड्यांच्या आत पुन्हा एकदा बांधून घ्यायचं की नाही, हे ठरवावं लागतं. एका मुलाच्या वडिलांनी मला सांगितलं, की त्यांनी हा निर्णय ऑक्टोबरातच घरात बोलून घेतला होता: पहिलं 'नाही' आलं तर दुसरीकडे बांधून घ्यायचं का, कुठे, आणि का. दुखावलेल्या मनानं कुठल्याही मोठ्या नावाला कवटाळायचं नाही, हे त्यांचं सूत्र मला फार मोलाचं वाटलं.

आकडा आधी बघा

न्यू जर्सीतल्या ज्या घरांत मी गेले, तिथं आईबाबा बहुतेक आयटीत किंवा औषध कंपन्यांत. दोन पगार, घराचं कर्ज, भारतात आईवडिलांची औषधं, आणि धाकटं भावंड तीन वर्षांनी कॉलेजात जाणार. खासगी कॉलेजचा वर्षाचा सगळा खर्च आता ९० हजार डॉलरच्या आसपास पोचला आहे. मोठी आर्थिक मदत मिळावी इतकं यांचं उत्पन्न कमी नाही, आणि चार वर्षं हा आकडा सहज पेलावा इतकं जास्तही नाही.

अशा घरासाठी अर्ली डिसिजनमधली खरी जोखीम वेगळी असते. होकार आला की दुसऱ्या कॉलेजनं काय देऊ केलं असतं, हे कधीच कळत नाही. तुलना करायचा हक्कच आधी लिहून दिलेला असतो. म्हणून अर्ज करण्याआधी त्या कॉलेजच्या संकेतस्थळावरचं 'नेट प्राइस कॅल्क्युलेटर' भरून बघायला हवं. २०११ पासून ते ठेवणं कॉलेजांना कायद्यानं बंधनकारक आहे. घरातल्या उत्पन्नाचे, बचतीचे आकडे त्यात टाकले की अंदाजे किती भरावं लागेल ते समोर येतं. एका आईनं मला सांगितलं, की त्या दोघांनी हा आकडा मुलापासून दडवायचा नाही असं ठरवलं. तिघं एकत्र बसले. मुलानंच विचारलं, "मग राज्याच्या विद्यापीठात हेच शिकता येणार नाही का?" त्यानं अर्ली डिसिजन केलंच नाही, अर्ली ॲक्शनमधून रटगर्सला गेला, आणि आता दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्याशी बोलताना मला कुठंही तडजोडीचा सूर ऐकू आला नाही. तिथल्या प्रयोगशाळेबद्दल तो अर्धा तास बोलत राहिला.

पुण्यात पहाटे साडेपाचला

डिसेंबरात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा पुण्यात दुसऱ्या दिवशीची पहाटेची साडेपाचची वेळ असते. अनेक कॉलेजं सातलाच निकाल उघडतात. बाणेरमध्ये परदेशी प्रवेशाचं मार्गदर्शन करणाऱ्या एक ताई दर डिसेंबरात त्या पहाटे जाग्या असतात. "पहिला फोन होकाराचा येतो," त्या म्हणाल्या. "नकाराचा फोन दुपारी येतो, तोही बहुतेक वेळा आईचा."

इथल्या मुलांचं गणित आणखी गुंतागुंतीचं आहे. परदेशी विद्यार्थ्यानं आर्थिक मदत मागितली तर बहुतेक अमेरिकी कॉलेजं ती गोष्ट निर्णय घेताना लक्षात घेतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन अशी मोजकीच कॉलेजं परदेशी मुलांच्या बाबतीतही पैशांचा विचार प्रवेशाच्या निर्णयापासून दूर ठेवतात. त्यामुळे पाऊण कोटी रुपयांच्या वर जाणारा वर्षाचा खर्च कोण आणि कसा देणार, हे ठरल्याशिवाय इथून बांधून घेणं धोक्याचं आहे.

आणि दुसरी यादी इथं एकाच देशापुरती नसते. ऑक्सफर्ड-केंब्रिजचे अर्ज ऑक्टोबरच्या मध्यावर बंद होतात, म्हणजे अमेरिकेच्याही आधी. ब्रिटनमधल्या बाकीच्या बहुतेक अभ्यासक्रमांना जानेवारीपर्यंत मुदत असते. जेईई मेनचं पहिलं सत्र जानेवारीत. अशोका, फ्लेम यांसारखी विद्यापीठं टप्प्याटप्प्यानं अर्ज घेतात. बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये डोक्यावर. ताई ऑगस्टमध्येच भिंतीवर एक मोठा कागद लावतात आणि मुलाकडूनच त्यावर तारखा लिहून घेतात, वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळ्या रंगांत. कॉमन ॲपची मुदत अर्जदाराच्या स्थानिक वेळेनुसार संपते, हेही त्या पहिल्याच दिवशी सांगतात. पुण्यातल्या मुलाची १ नोव्हेंबर पुण्याच्या मध्यरात्रीच संपते. अमेरिकेत अजून दुपार आहे म्हणून कोणी थांबू नये.

अर्ली डिसिजनमध्ये होकार आला की ब्रिटनचा आणि भारतातलाही अर्ज मागे घ्यावा लागतो का, असं पालक त्यांना हमखास विचारतात. "करारात सगळे अर्ज असं लिहिलेलं असतं," ताई म्हणाल्या. "सही करताना ते वाचायचं. नंतर पळवाट शोधत बसायचं नाही."

'डिफर' म्हणजे काय करायचं

डिसेंबरात होकार आणि नकार यांच्यामध्ये तिसरं उत्तरही येतं: डिफर. म्हणजे अर्ज साधारण फेरीत ढकलला, मार्चमध्ये पुन्हा बघू. या उत्तरानं मुलं सगळ्यात जास्त अडकतात, कारण आशा संपत नाही. पण एक गोष्ट त्याच क्षणी बदलते. करार सुटतो, आणि मूल पुन्हा पूर्ण मोकळं होतं.

अशा वेळी करायच्या गोष्टी थोड्या आहेत. कॉलेजनं सांगितल्याप्रमाणे एक लहान पत्र लिहून आपली इच्छा कायम असल्याचं कळवायचं, नोव्हेंबरनंतर काही नवं केलं असेल तर ते सांगायचं, आणि पहिल्या सहामाहीचे गुण चांगले राखायचे, कारण ते शाळेकडून जानेवारी-फेब्रुवारीत कॉलेजला जातात. बाकी सगळी ताकद दुसऱ्या यादीवर लावायची. डिफर झालेल्या कॉलेजला रोज नवी पुरवणी पाठवत बसल्यानं तिकडचं काही हलत नाही आणि इकडचे अर्ज अर्धवट राहतात.

ऑगस्टमध्ये उचलायचं काम

दुसरी यादी आधी लिहायची म्हटलं की घरात एक अडथळा हमखास येतो. आईबाबांना वाटतं, त्यामुळे मुलाचा निर्धार ढळेल. एका आजोबांनी माझ्यासमोरच नातवाला सांगितलं, "अरे, मनात एकच धरावं." त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण ज्या मुलांनी दुसरी यादी मनापासून तयार केली होती, त्यांच्याशी बोलल्यावर मला उलटंच दिसलं. चार-पाच कॉलेजांबद्दल खोलात वाचल्यामुळे आपल्याला नक्की काय शिकायचं आहे, हे त्यांना स्वतःलाच स्पष्ट झालं होतं. काहींचा अर्ली डिसिजनचा निबंधही त्यामुळे सुधारला. निकाल कसाही आला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी करायला काम होतं, आणि सतराव्या वर्षी मनाला तो मोठा आधार असतो.

माझ्या मते दुसऱ्या यादीत फक्त अशीच कॉलेजं असावीत, जिथं मूल खरंच आनंदानं जाईल आणि जिथला खर्च घराला झेपेल. नाइलाजानं भरलेली नावं म्हणजे यादी नव्हे. ती नुसती भीती. जे नाव मुलानं एकदाही मनापासून वाचलेलं नाही, ते काढून टाकावं; आणि जे उरतं, त्याला पहिल्या नावाइतकाच वेळ द्यावा.

हे ज्ञान आज योगायोगानं पसरतं. ज्याच्या ओळखीत मागच्या वर्षीचं मूल आहे, ज्याला खासगी सल्लागार परवडतो, त्याच्या तारखा बरोबर येतात. नुकत्याच नोकरीनिमित्त आलेल्या घराला, किंवा नाशिक-कोल्हापुरातून पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्या मुलीला हे कोण सांगणार? बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखालची गावोगावची मंडळं गणपती, दिवाळी, मराठी शाळा असं खूप काही निष्ठेनं करतात. त्यांनी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, कॉमन ॲप उघडल्या उघडल्या, एक दुपार या कामाला द्यावी. मागच्या वर्षी ज्यांना होकार मिळाला ती मुलं बोलावीत, आणि ज्यांना नकार मिळाला तीही. पालकांनी तिथंच बसून नेट प्राइस कॅल्क्युलेटर भरावं. प्रत्येक मुलानं दोन याद्या आणि चार तारखा लिहूनच घरी जावं. भारतातून अर्ज करणाऱ्या मुलांना व्हिडिओवरून सामील करून घ्यायला काहीच खर्च नाही.

कॉलेजांनी आपल्या सोयीसाठी नोव्हेंबर गाठला आहे. आपल्या मुलांसाठी आपल्याला ऑगस्ट गाठावा लागेल. तो गाठला, तर डिसेंबरच्या मध्यावर पोर्टल उघडताना मुलाच्या हातात त्याच्या मनाजोगे आठ पूर्ण अर्ज असतील, आणि उत्तर काहीही आलं तरी पुढचं पाऊल त्याचं स्वतःचं असेल.